गॅस खाटेखाली, धूर छातीत

शेतातून परत येत असाल, धुणं वाळत घालत असाल, नाहीतर भाकरी थापता थापता रेडिओ लावला असेल, तर हात चालू राहू द्या आणि कान इकडे ठेवा. आजचं बोलणं चुलीपाशी बसलेल्या बाईसाठीच आहे.

आम्ही म्हणजे एका बचतगटाच्या चौदा बायका. आमचं गाव मराठवाड्यातलं, कोरडवाहू. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. दसरा-दिवाळी झाली की गावातली बरीच घरं ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. आमच्यातल्या पाच जणींनी कोयता धरलेला आहे, चौघींचं स्वतःचं रान आहे, बाकीच्या मजुरीला जातात. एक जण अंगणवाडीत मदतनीस आहे.

गेल्या वर्षीच्या एका बैठकीत आशाताई आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कुणाकुणाच्या घरी गॅस आहे?" चौदाच्या चौदा हात वर झाले. आम्हाला बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "आज सकाळी कुणी कुणी गॅसवर स्वयंपाक केला?" तीन हात वर झाले. त्यातल्या दोघींनी फक्त चहा केला होता.

मग सगळ्याच हसलो. एकीचा सिलिंडर खाटेखाली होता, वर पोतं टाकलेलं. एकीनं शेगडीवर देव मांडले होते. एक म्हणाली, "पाव्हणे आले तर लागतो म्हणून राखून ठेवलाय." हसणं थांबलं ते आमच्यातल्या मावशींच्या खोकल्यानं. त्या बोलायला गेल्या आणि त्यांना बोलताच येईना. आजचं हे बोलणं त्या दिवशी सुरू झालं.

मावशींचं वय पंचावन्नच्या पुढं. बिडी नाही, तंबाखू नाही, मिश्रीसुद्धा नाही. तीन वर्षांपासून खोकला, सकाळी बेडका, पाण्याचा हंडा उचलला की धाप. घरातले म्हणायचे, वय झालं. मावशी म्हणायच्या, थंडी बाधली. मेडिकलमधून खोकल्याची बाटली यायची, संपायची, पुन्हा यायची. शेवटी एका रात्री बसून काढायची वेळ आली, आडवं पडलं की जीव गुदमरायचा. तेव्हा आम्ही दोघी त्यांच्या मुलासोबत तालुक्याला गेलो.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "घरात कोण बिडी ओढतं?" कुणीच नाही. दुसरा प्रश्न, "स्वयंपाक कशावर करता?" मावशी म्हणाल्या, "चुलीवर. लग्न होऊन आले तेव्हापासून." मग त्यांनी एक नळी तोंडात धरायला दिली आणि म्हणाले, जोरात फुंका. मावशी आमच्याकडं बघून म्हणाल्या, "चाळीस वर्षं फुंकणीच फुंकली की मी. आता दम कुठला राहिलाय?"

त्या तपासणीत श्वास किती जोरात आणि किती वेळ बाहेर पडतो हे कळतं. मावशींचा आजार निघाला सीओपीडी. म्हणजे श्वासाच्या नळ्या सुजून अरुंद झालेल्या, फुप्फुसाचा लवचिकपणा गेलेला. दमा आणि हा आजार बाहेरून सारखे वाटतात. पण दम्यात नळ्या बऱ्याचदा पुन्हा मोकळ्या होतात. सीओपीडीत जे गेलं ते पूर्ण परत येत नाही. औषधानं, तोंडात ओढायच्या पंपानं पुढचं बिघडणं रोखता येतं, धाप कमी होते, पण फुप्फुस नवं मिळत नाही. डॉक्टर म्हणाले, "औषध मी देतो, पण धूर बंद करणं तुमच्या हातात आहे. धूर चालू ठेवून औषध घेणं म्हणजे गळक्या माठात पाणी भरणं."

आम्हाला वाटायचं, हा आजार बिडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यांचा. पण पुण्यातले श्वसनविकारतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये जगभरातले अभ्यास एकत्र मांडून दाखवलं, की सीओपीडीच्या दर शंभर रुग्णांत साधारण २५ ते ४५ जणांनी आयुष्यात कधीच बिडी-सिगारेट ओढलेली नसते. गरीब देशांत त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे घरातला चुलीचा धूर. म्हणजे मावशी एकट्या नाहीत.

आता हा धूर असतो तरी काय? लाकूड, गोवरी, तुराट्या, पऱ्हाट्या पूर्ण जळल्या तर धूर होणारच नाही. पण आपल्या चुलीत सरपण कधीच पूर्ण जळत नाही. जे अर्धवट जळतं ते धूर होऊन वर येतं. डोळ्याला झोंबतो तो धूर आपल्याला कळतो. छतावर, आढ्याला, डब्यांवर बसते ती काजळी दिसते. पण खरा घात करतात ते दिसत नाहीत असे कण. आपल्या डोक्याचा एक केस घ्या. त्याच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहून बारीक. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत, खोकल्यानं ते बाहेर येत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि त्यातले अगदी बारीक रक्तातही उतरतात.

दुसरा घातक भाग म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्ताचं काम अंगभर प्राणवायू पोचवायचं. पण हा वायू रक्ताला प्राणवायूपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. स्वयंपाक करताना डोकं जड होतं, मळमळतं, ते प्रत्येक वेळी पित्तच असतं असं नाही.

आता आपण मिळून एक हिशोब करू. सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास, असे रोज तीन तास बाई चुलीपुढं धरू. वर्षाचे ३६५ दिवस, कारण चुलीला सुट्टी नसते. अशी तीस वर्षं. झाले ३२,८५० तास. म्हणजे १,३६८ दिवस. म्हणजे जवळजवळ पावणेचार वर्षं, रात्र नाही दिवस नाही, धुरात बसून काढलेली. बैठकीत हा हिशोब पाटीवर मांडला तेव्हा कुणी काहीच बोललं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा, की घरातल्या धुरामुळं २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यात पाच वर्षांखालची मुलं दोन लाख ३७ हजारांहून जास्त. आणि सगळे मृत्यू काही खोकल्याचे नव्हते. शंभरातले ३२ हृदयविकाराचे, २३ पक्षाघाताचे, २१ न्यूमोनियासारख्या आजाराचे, १९ सीओपीडीचे आणि बाकीचे फुप्फुसाच्या कर्करोगाचे. धूर छातीत जातो, पण मारतो हृदयाला आणि मेंदूलाही. शिवाय चुलीपुढं बसणाऱ्या बायकांत मोतीबिंदूचं प्रमाण जास्त दिसतं, आणि धुरात राहणाऱ्या गरोदर बाईचं बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो.

ही गोष्ट आज कळली असंही नाही. कर्क स्मिथ नावाचे एक अमेरिकी शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या शेजारच्या गुजरातमधल्या खेड्यांत, स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगाला छोटी यंत्रं लावून त्यांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजलं. त्याआधी प्रदूषण म्हटलं की लोक कारखान्याची चिमणी आणि मोटारींचा धूर बघायचे. चुलीपुढची बाई त्यांच्या हिशोबातच नव्हती. स्मिथ २०२० मध्ये वारले. त्यांनी जन्मभर हेच सांगितलं, की धूर गावाच्या हवेत किती आहे यापेक्षा माणसाच्या नाकाशी किती आहे हे बघा. आणि बाईचं नाक तर चुलीपासून हातभर अंतरावर.

मैत्रिणींनो, आता लेकरांचं बोलू. तान्हं बाळ कुठं असतं? आईपाशी. आई कुठं असते? चुलीपाशी. मांडीवर नाहीतर जवळच्या झोळीत. बाळाचं फुप्फुस अजून वाढत असतं, आणि ते आपल्यापेक्षा भराभर श्वास घेतं. घरातल्या धुरामुळं लहान मुलांना न्यूमोनिया होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो.

म्हणून एक गोष्ट प्रत्येकीला यायला हवी. बाळाला सर्दी-खोकला असेल तर त्याचे श्वास मोजायचे. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, अंगावरचा कपडा वर करून पोटाकडं बघायचं आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास भरले, तर तो न्यूमोनिया असू शकतो. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ पीत नसेल, निपचित पडलं असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. आशाताईंना हाक मारा, १०८ ला फोन करा. पोटावर चटके, बिब्बा, अंगारा यात वेळ घालवू नका.

ज्यांना मोजता येत नाही त्यांनी काय करायचं? यावर आपल्याच गडचिरोलीत काम झालं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या दाया आणि आरोग्यसेवकांना न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. निरक्षर दायांसाठी त्यांनी मण्यांचं आणि वाळूच्या घड्याळाचं एक साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेला मणी सरकला तर न्यूमोनिया. तिथं न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू कमी झाले, आणि ते १९९० मध्ये जगातल्या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. शाळा न शिकलेल्या बायांनी ते करून दाखवलं. मग आपण तर मोबाइल वापरणाऱ्या बाया आहोत.

आता एक नाजूक गोष्ट. बाळंतिणीची खोली. आपल्याकडं दार-खिडकी बंद, खाटेखाली निखाऱ्याची शेगडी, ओवा, शेपा, वावडिंग टाकून धुरी. आमच्या आयांनी आम्हाला दिली, आम्ही लेकी-सुनांना दिली. त्यामागं माया आहे. बाळंतिणीला ऊब हवी, बाळाला ऊब हवी, हे खरंच आहे. पण ऊब आणि धूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऊब द्या गोधडीनं, टोपड्यानं, बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून. धूर देऊ नका. आणि बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपणं म्हणजे जिवाशी खेळ. निखाऱ्याचा धूर दिसत नाही, म्हणून वाटतं काही नाही. पण मघाशी सांगितलेला तो बिनवासाचा वायू निखाऱ्यातूनच जास्त निघतो. दरवर्षी थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या आपण ऐकतो.

आमच्या गटात या मुद्द्यावर वाद झाला. एक आक्का म्हणाल्या, "माझी पाच लेकरं धुरीवर वाढली, कुणाला काय झालं?" आमच्यातली सर्वांत लहान सून हळूच म्हणाली, "आत्याबाई, तुम्हाला पाच नाही, सात झाली होती." आक्का गप्प झाल्या. त्या दोन लेकरांना काय झालं होतं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. धुरानंच झालं असं आम्ही म्हणत नाही. पण त्यांच्या घरात पुढच्या बाळंतपणाला धुरी झाली नाही. शेगडी अंगणात पेटवली, निखाऱ्यावर कपडे शेकून घेतले आणि ते ऊबदार कपडे आत नेले. आक्कांनीच ही युक्ती काढली.

मग एवढं कळूनही आम्ही चूल का सोडत नव्हतो? इथं आम्ही खरं बोलणार आहोत.

पहिली गोष्ट पैसा. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया इथं उज्ज्वला योजना सुरू झाली, आणि देशभर दहा कोटींहून जास्त जोडण्या झाल्या. जोडणी बाईच्या नावानं, ही मोठी गोष्ट. पण शेगडी घरात आली म्हणजे धूर बाहेर गेला असं होत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भारतातल्या शंभरातल्या ४३ घरांतच मुख्यतः स्वच्छ इंधनावर स्वयंपाक होत होता. सिलिंडरला एका वेळी पैसे मोजावे लागतात. अनुदान नंतर खात्यावर येतं. मजुरीच्या घरात एकदम तेवढी रक्कम हातात नसते. सरपण फुकट वाटतं, कारण ते आणायला जाणाऱ्या बाईचा वेळ आणि तिची कंबर कुणी हिशोबात धरत नाही.

दुसरी गोष्ट, ठरवतो कोण? आमच्यातल्या एकीनं सांगितलं, मोबाइलचं रिचार्ज संपलं की त्याच दिवशी होतं, गॅस संपला की महिना जातो. तिनं तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, सहज सांगितलं. पण ते सगळ्यांना लागलं.

तिसरी गोष्ट सवय. चुलीवरच्या भाकरीची चव. मोठ्या घराचं अंघोळीचं पाणी. जनावरांचं आंबोण. थंडीत चुलीपुढची ऊब. आणि सासूबाईंचं म्हणणं, की गॅसवरच्या भाकरीनं पोट दुखतं.

नुसती वस्तू दिली म्हणून भागत नाही, हे आधीही झालेलं आहे. आपल्यातल्या थोरल्या बायांना 'निर्धूर चूल' आठवत असेल. सुधारित चुलींचा तो राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ ला सुरू झाला आणि २००२ ला बंद झाला. अनेक गावांत चुली बांधल्या गेल्या, धुराडं काजळीनं बुजलं, फुटलं, आणि बाया पुन्हा जुन्या चुलीकडं वळल्या. ओडिशात अर्थतज्ज्ञांनी सुमारे २,६०० घरांचा चार वर्षं अभ्यास केला. सुधारित चूल बांधून दिल्यावर पहिल्या वर्षी बायांच्या श्वासातला धूर कमी झाला. पुढच्या वर्षांत तो फरक उरला नाही, कारण चुलींची निगा राखली गेली नाही आणि त्या कमी वापरल्या गेल्या. चूल बांधणाराला बक्षीस मिळालं असेल, पण धुराडं साफ करायला कोण, हे कुणी ठरवलं नव्हतं.

म्हणून आमच्या गटानं आधी घराघरातल्या अडचणी मांडल्या, मग उपाय काढले. तेच तुम्हाला सांगतो.

पैशाचं असं केलं. गटाच्या बचतीतले सहा हजार रुपये 'गॅसचे' म्हणून वेगळे ठेवले. सिलिंडर संपला की गटातून पैसे उचलायचे, बाजाराच्या दिवशी शंभर शंभर करून फेडायचे, व्याज नाही. पहिल्या फेरीत दोघींचे हप्ते थकले, भांडण झालं, एक जण महिनाभर बैठकीला आली नाही. मग नियम बदलला. ऊसतोडीला जाणारीनं उचल मिळाली की एकदम भरायचे. आता गाडी रुळावर आहे. पूर्वी आमच्यातल्या बहुतेकींना वर्षाला दोन-तीन सिलिंडर लागायचे, आता पाच-सहा लागतात. ज्यांना मोठा जड जातो त्यांनी एजन्सीत पाच किलोच्या लहान सिलिंडरची चौकशी करा. आणि अनुदान जमा होत नसेल तर आधार आणि बँक खातं जोडलेलं आहे का ते बघून घ्या.

ठरवण्याचं असं केलं. मावशींच्या औषधाची एका वर्षाची बिलं आम्ही त्यांच्या मुलाकडून मागून घेतली आणि बैठकीत वाचली. गाडीभाडं, बुडालेली मजुरी धरून तो आकडा वर्षभराच्या सिलिंडरपेक्षा मोठा निघाला. तो कागद आम्ही आमच्या घरातल्या पुरुषांनाही दाखवला. काहींनी ऐकलं, काहींनी मान हलवली आणि चहा मागितला. पण तेव्हापासून सिलिंडर संपल्यावर महिना जात नाही.

सवयीचं असं केलं. पूर्ण चूल बंद करा असं आम्ही कुणालाच म्हटलं नाही. आधी एवढंच ठरवलं, की घरात चूल पेटवायची नाही. अंघोळीचं पाणी आणि जनावरांचं शिजवण अंगणातल्या चुलीवर. उन्हाळ्यात बाहेरून काळी केलेली घागर पाणी भरून सकाळपासून उन्हात ठेवली की संध्याकाळच्या अंघोळीला चूल लागतच नाही. घरातला डाळ-भात-भाजी गॅसवर. भाकरीचं ज्याचं त्यानं ठरवायचं. आता नऊ जणींच्या घरात भाकरीसुद्धा गॅसवर होते, आणि कुणाचं पोट दुखलेलं नाही.

ज्यांच्याकडं अजून गॅस नाही, किंवा ज्या उसाच्या फडावर कोपीत राहतात, त्यांनी वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यासाठीही करण्यासारखं बरंच आहे.

चूल शक्यतो उघड्यावर किंवा ओसरीत मांडा. कोपीत आत मांडू नका, पाचटाला आगीचीही भीती असते. सरपण पुरतं वाळवा, पावसाळ्याचं आधीच झाकून ठेवा. ओल्या लाकडाची बरीच आग ओल सुकवण्यातच जाते आणि धूर जास्त होतो. लाकूड बारीक फोडून थोडं थोडं लावा, चुलीचं तोंड गच्च भरू नका. भांड्यावर झाकण ठेवा. डाळ, मटकी, हरभरा आधी भिजवा, लवकर शिजतो. भाताला उकळी आली की भांडं उतरवून जाड गोधडीत गुंडाळून ठेवा, उरलेला भात आपल्या वाफेवर शिजतो. जाळ पेटवायला प्लास्टिकची पिशवी, रबर, चपलेचा तुकडा कधीही वापरू नका, तो धूर विषारी असतो. स्वयंपाक चालू असताना तान्ह्या बाळाला दुसऱ्याकडं, वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवा. गरोदर बाईला चुलीपुढं बसवू नका. घरात दुसरं कुणी नसेल तर नवरा भाकरी भाजू शकतो, त्याला हात आहेत.

धुराडं असेल तर ते छताच्या वर निघालं पाहिजे आणि दर महिन्याला साफ झालं पाहिजे. पूर्वीच्या माळवदाच्या घराला धुरासाठी छतात भोक ठेवलेलं असायचं. आता घरकुलाला स्लॅब पडतो आणि ते भोक जातं. घरकुल बांधताना गवंड्याला सांगा, चुलीच्या भिंतीला वरच्या बाजूला समोरासमोर दोन झरोके ठेव. बांधून झाल्यावर सांगून उपयोग नाही.

आणखी दोन गोष्टी. डासांची कॉइल. बंद खोलीत एक कॉइल जळून संपते तेव्हा तिच्यातून निघणारे बारीक कण साधारण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांएवढे भरतात, असं मोजलेलं आहे. तिच्यापेक्षा मच्छरदाणी चांगली. आणि घासलेटची चिमणी किंवा स्टोव्ह, त्याचाही धूर वाईटच.

गॅस वापरणारींनी रात्री रेग्युलेटर बंद करायचा. नळीला चिरा पडल्या की बदलायची. वास आला तर दिवा, पंखा, काडी काहीही न लावता दारं उघडायची आणि १९०६ वर फोन करायचा. भीतीपोटी गॅस खाटेखाली ठेवू नका. वापरायला शिका.

शेवटी मावशींचं. त्यांच्या घरात आता चूल पेटत नाही. धाप गेलेली नाही, ती जाणारही नाही. पंप रोज घ्यावा लागतो. पण या हिवाळ्यात त्यांना एकदाही रात्र बसून काढावी लागली नाही. परवा बैठकीत त्या म्हणाल्या, "माझं जेवढं जायचं तेवढं गेलं. सुनेचं जाऊ देऊ नका." आम्ही हे बोलणं रेडिओवर करायचं ठरवलं ते त्यामुळंच.

तर मैत्रिणींनो, आज घरी एवढंच करा. एक पांढरं फडकं घ्या, चुलीच्या वरच्या भिंतीवरून एकदा फिरवा आणि ते घरातल्या सगळ्यांना दाखवा. सांगा, हे भिंतीवर बसलेलं आहे, आत बसलेलं पुसता येत नाही. आणि पुढच्या बैठकीत एकमेकींना तोच प्रश्न विचारा. गॅस कुणाकडं आहे, असं विचारू नका. आज सकाळी कुणी पेटवला, असं विचारा.

तुमच्या गटानं काय युक्ती काढली ते आम्हाला केंद्रावर येऊन नक्की सांगा. तुमच्या आवाजात ऐकायला आवडेल. येतो आता. नमस्कार.